सगर्भा व सूतिका यांच्या हृदयपरीक्षणात टू-डी इकोचे स्थान

बाळंतिणीच्या पायांवर सूज आली, चार पावले चालताच धाप लागू लागली, रात्री कोरडा खोकला उसळू लागला, की घरातील जाणत्या स्त्रीपासून गावच्या वैद्यापर्यंत सर्वांच्या तोंडी एकच शब्द येतो : बाळंतरोग. शब्द खोटा नाही. प्रसूतीने धातू क्षीण झालेल्या स्त्रीचे रोग कष्टसाध्य होतात, हे संहिताकारांनी बजावून ठेवलेलेच आहे. परंतु या एका शब्दाखाली अगदी निरनिराळे विकार वावरत असतात. पांडुरोगाचा शोथ असतो, वृक्कांचा असतो, रक्तदाबाचा असतो आणि हृदयस्नायूच्या दौर्बल्याचाही असतो. या शेवटच्या प्रकारात चार दिवसांचा विलंबही जिवावर बेतू शकतो. नाडी त्याची सूचना देते, स्टेथोस्कोपने शंका बळावते, पण निर्णय होतो तो हृदयाच्या ध्वनिलहरी-तपासणीने, म्हणजे ज्याला रुग्ण ‘इको’ म्हणतात त्या तपासणीने. वैद्याने ती केव्हा सुचवावी, तिच्या अहवालात काय वाचावे आणि औषधालयाच्या गल्ल्यावर बसलेल्या बंधूंनी कोणती एक गोष्ट विचारावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी आमची चूक सांगतो, कारण लेखाचे मूळ तिच्यातच आहे. काही वर्षांपूर्वी लोणार तालुक्यातील एका खेड्यातून पंचविशीच्या आतील एक बाळंतीण आमच्याकडे आणण्यात आली. पहिलटकरीण, माहेरी आलेली. प्रसूती रुग्णालयात सुखरूप झाली होती व बाळ अंगाने चांगले होते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पायांवर सूज व खोकला सुरू झाला. आम्ही नाडी पाहिली. ती द्रुत होती. सूतिकेची नाडी वातप्रकोपाने द्रुत असणारच, असे आम्ही स्वतःचे समाधान करून घेतले. वस्तुतः प्रसूतीनंतर स्वस्थ स्त्रीची नाडी विश्रांतीत पुष्कळदा मंदच असते. पुनर्नवाष्टक क्वाथ व दशमूलारिष्ट दिले, मीठ कमी करावयास सांगितले आणि आठ दिवसांनी बोलावले. पाचव्या रात्री तिचे वडील दारात उभे. मुलगी दोन रात्री आडवी झालीच नव्हती. भिंतीला टेकून बसून होती. आम्ही जाऊन पाहिले तेव्हा मानेच्या शिरा फुगलेल्या, फुप्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांसारखे आवाज, नाडी १३० च्या घरात. त्याच रात्री तिला मोठ्या शहरी हलविण्यात आले. दुसऱ्या दिवशी इकोचा अहवाल फोनवर वाचून दाखविण्यात आला : इजेक्शन फ्रॅक्शन २५ टक्के. ती वाचली. पण ते चार दिवस आम्ही घालविले होते, आणि पहिल्याच भेटीत ‘आडवे झोपता येते का’ एवढे विचारले असते तर ते वाचले असते.

गर्भिणीच्या हृदयावरील भार

चरकांनी तिसऱ्या व सुश्रुतांनी चौथ्या महिन्यापासून गर्भिणीस दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे. तेथील विवेचन मुख्यतः डोहाळ्यांचे आहे, रक्ताभिसरणाचे नव्हे; प्राचीनांना आजचे सर्व ठाऊक होते असा दावा करण्याचा आमचा स्वभाव नाही. तथापि एका स्त्रीचे हृदय या काळात दोघांचा भार वाहते हे अक्षरशः खरे आहे. गर्भिणीच्या रक्तातील द्रवभाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. रक्तकण तितके वाढत नाहीत, त्यामुळे रक्त काहीसे पातळ होते. हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणारे रक्त ३० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि सातव्या-आठव्या महिन्यात हा भार बहुधा शिखराला पोहोचतो. ज्या स्त्रीच्या हृदयात आधीपासून दोष दडलेला असतो, ती नेमकी याच सुमारास प्रथम धापा टाकू लागते. लग्नाआधी शेतात दिवसभर निंदण करणारी मुलगी आता पाण्याचा हंडा उचलून थकते, आणि घरचे म्हणतात, ‘पोटुशी आहे, चालायचेच.’

प्रसूतीने हा भार तत्काळ उतरतो अशी समजूत आहे, ती चुकीची. गर्भाशय आकुंचन पावताच त्यातील बरेचसे रक्त मातेच्या अभिसरणात परत ढकलले जाते, उदरातील मोठ्या शिरेवरील दाब हटतो, आणि हृदयाकडे येणारा लोंढा काही काळ प्रसूतिपूर्व काळापेक्षाही वाढतो. गर्भकाळी अंगात साठलेले पाणीही पुढील काही दिवसांत शिरांत उतरते. म्हणूनच सदोष हृदयाची स्त्री प्रसूतीत निभावली तरी पहिले दोन-तीन दिवस फार जपावे लागते. पुढे दोन आठवड्यांत बराचसा बदल मागे सरतो. हृदय पूर्ववत होण्यास काही महिने लागतात.

इको काय दाखविते

मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीवरून आत सोडावयाच्या, हृदयाच्या भिंतींवर व झडपांवर आदळून परतणारे त्यांचे प्रतिध्वनी टिपावयाचे आणि त्यांवरून चित्र उभे करावयाचे, एवढेच तिचे तत्त्व. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली इंगे एडलर या वैद्याने व हेलमुथ हर्ट्झ या पदार्थशास्त्रज्ञाने, धातूंच्या कामातील दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे यंत्र मागून आणून, जिवंत हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद केली. एडलर यांना पाहावयाची होती ती मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील दुपाखी झडप. शस्त्रक्रियेपूर्वी ती किती आकसली आहे हे कळावे म्हणून. आमच्या भागातील सगर्भा स्त्रियांत अजूनही पुष्कळदा तीच झडप पाहावी लागते, ही गोष्ट फारशी अभिमानाची नाही.

इकोत क्ष-किरण नसतात, सुई नसते, औषध टोचावे लागत नाही. मातेस वा गर्भास अपाय नाही. रुग्णेला डाव्या कुशीवर निजवून ती करतात आणि भरल्या दिवसांच्या स्त्रीला तीच कूस सोयीची असते. दोन मितींचे हलते चित्र दिसते म्हणून टू-डी. रक्ताच्या प्रवाहाची दिशा व वेग रंगांनी व आलेखाने दाखविणारा भाग तो डॉप्लर.

येथे एक अडचण आमच्याकडे वारंवार येते. ‘इको’ म्हटले की सासू म्हणते, ‘सोनोग्राफी तर झाली, आता परत कशाला?’ यंत्र त्याच जातीचे असते हे खरे, पण गर्भाची सोनोग्राफी पोटावर होते व बाळ पाहते. इको छातीवर होते व आई पाहते. पहिलीचा अहवाल निर्दोष आला म्हणजे दुसरीची गरज उरली नाही, असे होत नाही. क्वचित कुणी खालच्या आवाजात निराळ्याच हेतूने इकोची चौकशी करतो. अशास १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा स्पष्ट शब्दांत ऐकवावा आणि इकोत बाळ दिसतच नाही, हेही सांगून टाकावे.

अहवाल इंग्रजीत व संक्षेपांनी भरलेला असतो, म्हणून तो बाजूला सारू नये. तीन-चार ओळी पाहिल्या तरी पुष्कळ कळते. पहिली ओळ इजेक्शन फ्रॅक्शनची. डाव्या निलयात, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी किती भाग एका ठोक्यात बाहेर पडला, ते हे प्रमाण. साधारणतः ५५ टक्के किंवा अधिक असावे. रक्ताचे प्रमाण वाढले तरी गर्भकाळी हा आकडा फारसा हलत नाही. म्हणून तो ४५ च्या खाली आला तर ‘गर्भारपणामुळे असेल’ असे म्हणता येत नाही. दुसरी ओळ झडपांची. गर्भकाळी हृदयाचे कप्पे किंचित मोठे दिसतात, उजव्या बाजूच्या झडपांतून व कधी मायट्रलमधून थोडेसे रक्त मागे गळते, हृदयावरणात चमचाभर पाणी दिसते. ‘ट्रिव्हियल’ वा ‘माइल्ड’ असा शब्द पाहून घाबरून आलेल्या रुग्णेला धीर द्यावा. अपवाद महाधमनीच्या झडपेचा. तेथील गळती थोडी असली तरी ती गर्भारपणाची मानू नये. तिसरी ओळ फुप्फुसांकडील रक्तदाबाची. हा दाब बराच वाढलेला असेल तर गर्भधारणा मातेच्या जिवाला सर्वांत घातक असणाऱ्या अवस्थांपैकी एक ठरते, आणि तिचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसूनच घ्यावयाचा असतो.

आमवात आणि आकसलेली झडप

माधवनिदानात वाढलेल्या आमवाताच्या लक्षणांत हृद्ग्रह सांगितलेला आहे. आधुनिक वैद्यकातील संधिवाती ज्वर व आपला आमवात सर्वस्वी एक नव्हेत, परंतु लहानपणी घसा सुजून ज्वर येणे, गुडघे-घोटे एकामागून एक सुजणे आणि काही वर्षांनी हृदयाची झडप जाड व चिकटलेली सापडणे, ही साखळी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून गर्भिणीच्या पहिल्याच भेटीत आम्ही तिच्या आईला विचारतो : लहानपणी सांधे सुजून अंथरुणाला खिळली होती का? दर तीन आठवड्यांनी सुई घ्यावी असे कुणी सांगितले होते का? पुष्कळदा उत्तर येते, ‘हो, सांगितले होते, पण मग दुखणे थांबले म्हणून सोडून दिले.’

स्वस्थ स्त्रीच्या मायट्रल झडपेचे द्वार चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते दीडवर वा त्याखाली आले की आकुंचन तीव्र समजतात. अशा द्वारातून गर्भकाळी वाढलेले रक्त जाऊ पाहते आणि नाडी द्रुत झाल्याने त्याला मिळणारा वेळ मात्र कमी होतो. रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि श्वास, खोकला, प्रसंगी गुलाबी फेसाळ कफ दिसू लागतो. दिसावयास हे तमकश्वासासारखेच असते. आमच्या माहितीत अशी एक गर्भिणी दोन महिने दम्याची म्हणून औषधे घेत होती. त्यांत सोमलतेचा कल्पही होता. सोमलतेतील एफेड्रिन नाडी आणखी द्रुत करते, म्हणजे आधीच अपुरा असलेला वेळ आणखी तोकडा होतो. पहिल्या गर्भारपणात प्रथमच उद्भवलेला दमा, ही गोष्ट वैद्याने सहसा मान्य करू नये.

समाधानाची बाब ही की या विकारावर उपाय आहे. जपानचे कांजी इनोउए यांनी १९८० नंतर प्रचारात आणलेल्या पद्धतीने मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेली झडप उघडता येते, आणि औषधांनी भागत नसेल तर निवडक गर्भिणींतही, बहुधा मधल्या तिमाहीत, पोटावर संरक्षक आवरण घालून ते करतात. झडप त्या योग्य आहे की नाही, हेही इकोच ठरविते.

प्रसूतीनंतरचे पाच महिने

आमच्या रुग्णेला झालेल्या विकाराचे नाव पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. पूर्वी निरोगी असलेल्या स्त्रीचा हृदयस्नायू प्रसूतीच्या आगेमागे अकस्मात दुबळा होतो. डेमाकिस व रहिमतुला यांनी १९७१ साली त्याची मर्यादा आखली : गर्भारपणाचा शेवटचा महिना ते प्रसूतीनंतरचे पाच महिने. २०१० साली युरोपातील तज्ज्ञांनी ती थोडी सैल केली आणि अन्य कारण न सापडता इजेक्शन फ्रॅक्शन ४५ टक्क्यांखाली असणे, ही खूण धरली. जुळी मुले, वाढलेले वय, अनेक बाळंतपणे आणि गर्भकाळी वाढलेला रक्तदाब यांत तो अधिक दिसतो. परंतु पहिलटकरणीलाही होतो.

आपल्या शास्त्रात सूतिकाकाल दीड महिन्याचा सांगितला आहे आणि दुसऱ्या मताने पुन्हा आर्तवदर्शन होईपर्यंतचा. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीत हे दुसरे मत कित्येकदा पाच-सहा महिन्यांपर्यंत जाते. या विकाराच्या दृष्टीने आम्हांस हे दुसरे मतच व्यवहारात धरावेसे वाटते. याला आमच्या भागात एक विशेष कारण आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि सव्वा महिन्यानंतर लेक सासरी जाते, कधी लोणारहून मेहकर-सुलतानपुराकडे, कधी जालना-परभणीकडे, तर कधी नवऱ्याच्या कामाच्या गावी पुण्या-मुंबईस. रोगाचा आरंभ एका गावी होतो व त्याची वाढ दुसऱ्या गावी. माहेरच्या वैद्याने पाहिलेली सूज सासरच्या वैद्यास ठाऊक नसते, आणि सासरी तिची तक्रार पुष्कळदा कामचुकारपणा ठरते. प्रसूतीचे कागद कपाटात, तेही दुसऱ्याच घरी. म्हणून आम्ही आता माहेरहून निघणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीच्या हाती एक चिठ्ठी देतो : नाडी, रक्तदाब, वजन, सूज आहे वा नाही, आणि इको झाली असल्यास तिची तारीख व आकडा.

प्राकृत काय व वैकृत काय, याचा विवेक मात्र सुटू नये; नाहीतर प्रत्येक गर्भिणी इकोसाठी शहर गाठील. संध्याकाळी पायांवर येणारी व रात्रीच्या झोपेने उतरणारी सूज, जिना चढताना लागणारा थोडा दम, हे प्राकृत. सकाळीही न उतरणारी, पोटऱ्यांवर वा चेहऱ्यावर चढणारी सूज, आडवे होताच येणारा खोकला, मध्यरात्री दचकून उठून खिडकीशी जावे लागणे, एका उशीच्या दोन व दोनांच्या तीन होणे, हे वैकृत. विश्रांतीत नाडी ११० वर, श्वसन मिनिटाला २४ वर, बोटाला लावावयाच्या यंत्रात प्राणवायू ९५ टक्क्यांखाली, यांपैकी काहीही आढळले तर आम्ही औषध देऊन घरी पाठवीत नाही. मिनिटभर सपाट निजवून पाहणे, ही परीक्षा कोणत्याही दवाखान्यात होते व तिला पैसे पडत नाहीत. छातीची शंका घेताना पांडुत्वही पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील जवळजवळ निम्म्या गर्भवतींत रक्ताल्पता आढळली. तिनेही धाप व सूज येते, आणि दुबळ्या हृदयावर ती दुसरा बोजा ठरते. हिमोग्लोबिन कमी निघाले म्हणून हृदय ऐकण्याचे थांबू नये.

मीठ, शेक आणि एक परदेशी उदाहरण

उत्तर नायजेरियातील झारिया व आसपासचा हौसा समाज या विकारासाठी जगभर प्रसिद्ध आहे. तेथील रूढीप्रमाणे बाळंतीण प्रसूतीनंतर चाळीस दिवस ‘कानवा’ नावाचा, सरोवराच्या काठी सुकलेला खार घातलेली पेज पिते व खाली विस्तव केलेल्या मातीच्या ओट्यावर निजते. १९७० नंतरच्या दशकात तेथे काम करणाऱ्या डॉक्टरांनी हृदयाचा हा विकार त्या खाराशी व उष्णतेशी जोडला. सोडियमने अंगात पाणी साठते आणि उष्णतेने हृदयाचे काम वाढते, असा तो तर्क. पुढील अभ्यासांत मूळ कारण म्हणून या रूढीला तितकासा आधार मिळाला नाही. कमी वजन, गर्भकाळचा रक्तदाब व सेलेनियमची न्यूनता यांकडे लक्ष गेले. मूळ कारण काही असो, दुबळ्या हृदयाला मिठाचा भार सोसत नाही, यावर दुमत नाही.

लोणारच्या माणसाला हे वाचून थांबावेसे वाटते. आपले गावच खाराचे आहे. सरोवराच्या काठी सुकणारे क्षार एकेकाळी गोळा केले जात. पापडखारासाठी व साबणासाठी त्यांचा उपयोग होई. आता सरोवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळांच्या यादीतही आहे, आणि तो उद्योग इतिहासजमा झाला. आपल्याकडील सूतिकेच्या आहारात कानव्यासारखा प्रकार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, बाळंतशोपा यांत मीठ नाममात्र. बाजेखालची शेगडीही बेताची असेल तर स्वस्थ बाळंतिणीस सुखावह असते. परंतु तोंडाला चव नाही म्हणून भाजलेले पापड व लोणचे, आणि पोटातील वातासाठी रोज दोन-तीनदा लवणभास्कर, हिंग्वाष्टक वा शंखवटी, ही बेरीज हृदयरोगी सूतिकेत दुर्लक्षिण्याजोगी नाही. लवणभास्करात व शंखवटीत तर लवणे हाच मोठा भाग असतो. रुग्णेला ‘मीठ कमी खा’ असे सांगून त्याच चिठ्ठीवर लवणभास्कर लिहिणारे आम्ही पाहिले आहेत; पूर्वी आम्हीही लिहिले आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

बाळंतकाढा क्रमांक एक, दोन, तीन यांची मागणी करावयास बाळंतीण स्वतः येत नाही. तिचा बाप, भाऊ वा नवरा येतो. ‘काढा द्या, आणि सुजेवर काहीतरी द्या’ असे तो म्हणेल, तेव्हा काढा बांधण्याआधी एवढेच विचारावे : तिला सपाट झोपता येते का? ‘नाही’ असे उत्तर आले, तर दुकानातील कोणतीही बाटली त्या दिवशी तिच्या उपयोगाची नाही. गिऱ्हाईक गमावण्याची भीती वाटते हे आम्ही जाणतो. पण सल्ला बरोबर ठरलेले घर दुकान बदलत नाही, हा आमच्या ओळखीच्या एका जुन्या औषधविक्रेत्यांचा अनुभव आहे.

निदान होऊन शहरातील उपचार चालू असलेल्या रुग्णेच्या बाबतीतही काही खबरदारी हवी. अशा स्त्रियांना प्रसूतीनंतर बहुधा मूत्रल औषधे, एनालाप्रिलसारखी औषधे व स्पायरोनोलॅक्टोन दिलेली असतात. यांतील शेवटची दोन रक्तातील पोटॅशियम वाढवू शकतात. पुनर्नव्यात पोटॅशियमचे लवण नैसर्गिकरीत्या असते. यवक्षार तर प्रायः पोटॅशियमचाच. दोन्ही एकत्र, तेही रक्ततपासणीविना, देऊ नयेत. ज्येष्ठमध खोकल्यावर सर्रास दिला जातो. तो सतत घेतल्यास अंगात सोडियम धरून ठेवतो व रक्तदाब वाढवितो. आसव-अरिष्टांतील मद्यांश अंगावर पाजणाऱ्या व दुबळ्या हृदयाच्या स्त्रीला नको. त्यांऐवजी दशमुळांचा ताजा, बेताच्या मात्रेतील काढा देता येईल, तोही हृदयरोगतज्ज्ञांच्या कानावर घालून. अर्जुनाविषयी आम्हांस आदर आहे, परंतु अर्जुनारिष्टाच्या भरवशावर चालू औषधे थांबविणे हा त्या वृक्षाचाही अपमान होय. काही ठिकाणी या विकारात ब्रोमोक्रिप्टिन देतात. त्याने स्तन्य आटते. अशा रुग्णेला न विचारता शतावरीचा कल्प देऊन स्तन्य वाढविण्याचा प्रयत्न करू नये. दूध का आटले, ते आधी विचारावे.

लोणारहून पाठविताना

इकोसाठी व हृदयरोगतज्ज्ञासाठी आपल्या रुग्णांना बहुधा जालना, अकोला वा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. यांतील शेवटचे शहर दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे दोन प्रकार वेगळे करावेत. जी चालत आली आहे, सपाट झोपू शकते, पण हृदयात मर्मर ऐकू येतो किंवा लहानपणी सांध्यांची सूज होती, तिला आठवड्याच्या आत दिवसा, चिठ्ठीसह पाठवावे. दर महिन्याच्या नऊ तारखेला शासकीय रुग्णालयांत होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी २०१६ पासून चालू आहे. तेथे नाव लागले की पुढचा मार्ग सोपा होतो. परंतु जी बसूनच श्वास घेते आहे, तिच्यासाठी इकोची वेळ ठरवीत बसू नये. तिला आधी प्राणवायू हवा. १०८ ला फोन करावा, बसवूनच न्यावे, पाय लोंबते ठेवावेत, आडवे निजवण्याचा आग्रह धरू नये. इको तेथे पोहोचल्यावर होईल. आणखी एक मर्यादा ध्यानात असावी. इको निर्दोष आली म्हणजे धापेचे कारण उरले नाही, असे नव्हे. फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ व न्यूमोनिया यांचा शोध निराळा घ्यावा लागतो.

चिठ्ठीवर ‘श्वास, शोथ’ एवढेच लिहिल्याने शहरातील डॉक्टरांस काही बोध होत नाही. प्रसूतीची तारीख, प्रसूतीचा प्रकार, लक्षणे सुरू झाल्याचा दिवस, नाडी, रक्तदाब आणि आपण दिलेली औषधे नावानिशी लिहावीत. आपली औषधे लपवू नयेत.

प्रारंभी उल्लेखिलेल्या रुग्णेची दीड महिन्यानंतरची इको ३५ टक्के आली, सहा महिन्यांनंतरची ४८. औषधे चालू होती, ती घरकाम करू लागली होती. वर्ष होताच सासूबाई तिला घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांना दुसऱ्या नातवासाठी गर्भस्थापक औषध हवे होते. इजेक्शन फ्रॅक्शन पूर्णपणे प्राकृत झाल्याखेरीज पुन्हा गर्भ राहिल्यास हृदय पुन्हा, आणि कदाचित पहिल्याहून अधिक, कोसळण्याचा धोका असतो. प्राकृत झाल्यावरही तो सर्वस्वी जात नाही. शिवाय तिच्या चालू गोळ्यांपैकी काही गर्भास अपायकारक होत्या. आम्ही तीनही अहवाल टेबलावर तारखेप्रमाणे मांडले व ते तीन आकडे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून सासूबाईंच्या हाती दिले. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पन्नासच्या वर किती गेले म्हणजे चालेल, वैद्यबुवा?’ हे हृदयरोगतज्ज्ञांनीच सांगावयाचे, असे आम्ही उत्तर दिले, संततिप्रतिबंधासाठी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, आणि पुढील इकोची तारीख दिवाळीनंतरची घातली.